खेळाडूला जादा शिकवणी लावताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिकवणी हा शब्द आपल्याकडे दहावीच्या गणिताशी आणि इंग्रजीशी जोडलेला. गेल्या काही वर्षांत तो मैदानावरही आला आहे. संघाचा नेहमीचा सराव वेगळा आणि त्याशिवाय 'स्किल'चा खास वर्ग वेगळा. त्याची फी वेगळी, दिवस वेगळा. फुटबॉल खेळणाऱ्या लहान मुलाला असा जादा वर्ग लावावा का, आणि लावायचा तर कसा निवडावा, एवढ्यापुरतंच आज बोलायचं आहे.

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. साहित्य घेऊन बी. ए. झालो, आयुष्य डहाणूत गेलं. फुटबॉलवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की माझा नातू खेळतो आणि त्याच्याबरोबर लोकलनं जायची पाळी महिन्यातून दोनदा माझ्यावर येते. पण हा प्रश्न आता माझ्या एकट्याच्या घरचा राहिलेला नाही. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल विरारहून पुढे डहाणू रोडपर्यंत आली आणि पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू इथल्या आईबापांना मुंबईची मैदानं एकदम जवळ वाटू लागली. नकाशावर अंतर तेवढंच राहिलं. चर्चगेटपासून डहाणू रोड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण पहाटेच्या गाडीत खांद्याला बुटांची पिशवी लावून पेंगणारी मुलं दिसू लागली. तलासरीकडची काही मुलं तर त्याआधी जीपनं स्टेशनपर्यंत येतात.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा. मुलीचा मुलगा, म्हणून मला नाना म्हणतो. मुंबईच्या उपनगरातल्या एका क्लबच्या तेरा वर्षांखालच्या संघात त्याची निवड झाली. शनिवार-रविवार अंधेरीला सराव, नाहीतर सामना. पहिल्या सहा महिन्यांनंतर तिथल्या प्रशिक्षकांनी माझ्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगा चांगला आहे, पण डावा पाय वापरत नाही. आलेला चेंडू पायाखाली थांबत नाही, पुढे उडतो. आणि वळतो तो नेहमी उजवीकडेच." ही तीन वाक्यं मुलीनं वहीत लिहून आणली. तिचं हे करणं मला फार आवडलं. मुलाचं नेमकं काय कमी पडतंय हे कागदावर असेल तरच जादा वर्गाचा विचार करण्यात अर्थ आहे. 'सगळी मुलं जातात' हे कारण वहीत लिहिता येत नाही.

उपाय लगेच समोर आले. एक खास वर्ग अंधेरीतच होता, दर बुधवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा, महिन्याला साडेतीन हजार रुपये. दुसरा उन्हाळ्यातला निवासी कॅम्प. तिसरा मोबाईलवरचे व्हिडिओ. चौथा उपाय डहाणूतच होता, त्याच्याविषयी पुढे सांगतो. जावई तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो, मुलगी घरी शिवणकाम करते. साडेतीन हजार त्या घराला जड होते, पण अशक्य नव्हते. मुलगी म्हणाली, "अब्बा, दोन महिने ब्लाऊज जास्त शिवीन. पण त्याचं नुकसान नको व्हायला." आईबाप असंच बोलतात. म्हणूनच हिशेब जरा थंड डोक्यानं करावा लागतो, आणि तो करायचं काम माझ्याकडे आलं.

आधी पैशांचा हिशेब. महिन्यात चार बुधवार, म्हणजे एका वर्गाचे आठशे पंचाहत्तर रुपये. वर्गात मुलं अठरा, शिकवणारे एक. नव्वद मिनिटं अठरा मुलांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. आपण तासांची फी भरतो, पण मुलाकडे कुणी पाहिलं ती मिनिटं मोजायला हवीत. उर्दू शायरीत 'इस्लाह' नावाची जुनी रीत आहे. शागीर्द आपली गझल उस्तादांपुढे ठेवतो. उस्ताद नवी गझल लिहून देत नाहीत. एखादा शब्द हलवतात, कुठे वजन चुकलं ते दाखवतात आणि कागद परत करतात. जादा शिकवणीचं काम हेच आहे. सरावाचं प्रमाण संघात मिळतं. इथे दुरुस्ती मिळायला हवी, आणि दुरुस्ती घोळक्यात होत नाही.

मग चेंडूचा हिशेब. अकरा विरुद्ध अकरा असा तासाभराचा सामना धरा. मैदानावर मुलं बावीस आणि चेंडू एक. साठ भागिले बावीस केले तर एकेकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. शिवाय चेंडू बाहेर जातो, हवेत असतो, ते वेगळंच. एवढ्या वेळात डावा पाय सुधारायचा कसा? म्हणून जादा वर्गाला गेल्यावर मी एकच गोष्ट बघायला सांगेन : मुलं रांगेत उभी आहेत की चेंडू त्यांच्या पायाशी आहे? शंकूंमधून एकानं जायचं आणि नऊ जणांनी पाठीमागे उभं राहायचं, असा वर्ग दिसायला शिस्तीचा असतो. त्यात मुलाचा बराचसा वेळ उभं राहण्यात जातो. प्रत्येकाला एक चेंडू, नाहीतर तीन विरुद्ध तीन असे छोटे सामने, हे जिथे होतं तिथे पायांना काम मिळतं.

हे ज्ञान परदेशातून नव्यानं आलेलं नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव २०२४ च्या 'मैदान' चित्रपटामुळे पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. पेशानं ते शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ मध्ये दिल्लीला आणि १९६२ मध्ये जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते याच स्पर्धेत. तर हे रहीमसाहेब हैदराबादेत अशा स्पर्धा भरवत, ज्यात फक्त कच्च्या पायानं खेळायचं. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत चेंडू घेऊन पळायलाच मनाई, आला की पुढे द्यायचा. मुलाचा दोष ओळखून त्याचाच खेळ करायचा, ही त्यांची युक्ती. कच्चा पाय वापरला नाही म्हणून कुणी रागवायचं नाही, नियमच असा करायचा की तो वापरल्यावाचून गत्यंतर नाही. पुढे हॉलंडच्या विल कूर्व्हर यांनी मोठ्या खेळाडूंची चित्रफीत पाहून त्यांच्या चकव्यांचे तुकडे पाडले आणि ते क्रमानं शिकवता येतात हे दाखवलं. १९७४ मध्ये युएफा कप जिंकणाऱ्या फेयेनूर्द संघाचे ते प्रशिक्षक होते. आज अनेक 'स्किल' वर्गांत जे शिकवतात त्याची मुळं तिथे आहेत. म्हणजे कौशल्य शिकवता येतं यात शंका नाही. प्रश्न इतकाच, की ते कुठे, किती आणि कुणाकडून शिकायचं.

आता शरीराचा हिशेब, जो बहुतेक घरांत होतच नाही. अमेरिकेत डॉ. नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते अठरा वर्षांच्या जवळजवळ बाराशे खेळाडू मुलांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाचं जितकं वय, त्याहून जास्त तास आठवड्याला जी मुलं शिस्तीतला खेळ खेळत, त्यांच्यात दुखापती जास्त आढळल्या. शिस्तीतला खेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त असेल तरी तेच. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाला अकरा तासांची मर्यादा, आणि अंगणातला दंगा हा औषधासारखा आवश्यक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती सांगते. वाढीच्या वयात, विशेषतः आठ ते चौदाच्या दरम्यान, टाचेचं आणि गुडघ्याखालचं हाड नाजूक असतं. अशा मुलाची टाच आठवडाभर दुखत असेल तर 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं आणि सराव कमी करावा. आणखी एक : अकराच्या आतल्या मुलांना सरावात चेंडू डोक्यानं मारायला शिकवू नये, असं इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं. अमेरिकेत लहान मुलांसाठी हे बंधन त्याआधीच आलं. लहानग्यांकडून डोक्यानं शंभर चेंडू मारून घेणारा वर्ग कुठे दिसला तर खुशाल उठून यावं.

आमचा मुलगा खेळाच्या तासांत बसत होता. झोपेच्या तासांत मात्र बसत नव्हता. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसातून नऊ ते बारा तास झोप लागते, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. शनिवार-रविवार तो पहाटे साडेचारला उठतो. आता त्यात बुधवार घालून पाहा. शाळा सुटली की दोन घास खाऊन अडीचची तयारी, अंधेरीत पोचायला पावणेपाच. साडेसहाला वर्ग संपला की परतीचा प्रवास. संध्याकाळी सातला अंधेरीहून विरारकडे जाणाऱ्या गाडीत शिरणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको. विरारला उतरून डहाणूच्या गाडीची वाट पाहायची. घरी यायला दहा. नव्वद मिनिटांच्या वर्गासाठी साडेसात तास. त्यातली पाच मिनिटं डाव्या पायाची. बरोबर आईला जावं लागणार, म्हणजे मशीन बंद. आठ वर्षांची धाकटी बहीण दर बुधवारी शेजारी. या सगळ्याची बेरीज फीच्या पावतीवर छापलेली नसते.

कुणी म्हणेल, असे कष्ट केल्याशिवाय कुणी मोठा होत नाही. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतात ते शार्दूल ठाकूरचं. पालघरचा हा मुलगा क्रिकेटचं ओझं खांद्यावर घेऊन गाडीनं मुंबईला जायचा, हे खरं आहे. पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. बोरिवलीच्या शाळेतले प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहिला. पोराची ताकद प्रवासात चाललीय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्याच्या आईवडिलांना विनंती करून त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. गुरुजींनी आधी प्रवास कमी केला, मग गोलंदाजी वाढवली. तोच मुलगा जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला सामन्यात सात बळी आणि एका डावात ६७ धावा करून आला. मला या गोष्टीत लोकलचं कौतुक दिसत नाही, लाडसरांचं दिसतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. रिक्षाचालकाचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकला. जिथे मैदान तिथेच अंथरूण. ज्याला खरंच फार पुढे जायचं आहे त्याच्यासाठी हा निवासी रस्ता आहे. तो खुला झाला तर विचार जरूर करावा. पण गाडीत झोप आणि मैदानात जांभई, हा त्या दोन्हींच्या मधला रस्ता फार थोड्यांना कुठे पोचवतो.

आमच्या डहाणूला या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी मिळालं आहे, फक्त ते खेळाच्या संदर्भात कुणी वाचलं नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. वारली मुलं दिवसभर गुरं राखतात, तर कुरणातच शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. शिकणाऱ्याला शाळेपर्यंत ओढत न्यायचं, की शाळा त्याच्यापर्यंत आणायची, हा प्रश्न या बायकांनी आमच्या मातीत सोडवून ठेवला. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. अंगणातलं फुटबॉल मात्र आपण टर्फच्या जाळीत शोधत फिरतो.

आता चौथा उपाय. तलासरीकडचा एक तरुण शिक्षक डहाणूत राहतो. आश्रमशाळेत अनवाणी खेळला, विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचला आणि नंतर त्यानं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना घेतला. या परवान्यांना ई, डी, सी असे टप्पे असतात. लहान मुलांना शिकवणाऱ्याकडे सुरुवातीचा एखादा तरी असावा, आणि तो दाखवा म्हणायला पालकांनी लाजू नये. आम्ही विचारलं, त्यानं आनंदानं दाखवला. दुसरं विचारलं, सराव चालू असताना घरचं माणूस बसलं तर चालेल का? तो म्हणाला, "बसाच तुम्ही. पण चाचा, मध्ये बोलायचं नाही." मला दोन्ही वाक्यं पटली. पालकांना बघू न देणाऱ्या वर्गात मूल पाठवू नये, आणि बघणाऱ्या पालकानं तोंड बंद ठेवावं.

त्यानं लगेच होकार दिला नाही. मुलीनं वहीत लिहिलेली तीन वाक्यं वाचली, मग दोन सकाळी नुसता मुलाचा खेळ पाहिला. तिसऱ्या दिवशी मुलाला विचारलं, "तुला काय करायला आवडतं?" मुलगा म्हणाला, "सर, दोघं अंगावर आले की चेंडू पायात धरून ठेवायला." आमच्यापैकी कुणी त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. योजना तिथून सुरू झाली. आठवड्यातून तीन सकाळी, चाळीस मिनिटं. चिकूच्या वाडीत एका गोदामाची मागची भिंत आहे, तिच्यावर डाव्या पायानं चेंडू मारायचा आणि परत आलेला डाव्याच पायानं थांबवायचा. मग डावीकडे वळणं. शेवटची पंधरा मिनिटं जमतील त्या मुलांचा छोटा सामना, त्यात गोल डाव्या पायाचाच धरायचा. रहीमसाहेबांचं नाव त्यानं घेतलं नाही, पण स्पर्धा त्यांचीच होती. ओहोटी सोयीच्या वेळी असेल त्या दिवशी पारनाक्याच्या किनाऱ्यावर, जिथे वाळू घट्ट असते तिथे खेळायचं. सोमवार-शुक्रवार चेंडूला सुट्टी. फी त्यानं महिन्याला आठशे सांगितली, आणि अट घातली की फी देऊ न शकणारी चार मुलं त्याच वेळी खेळतील. अट कसली, ती आमचीच सोय होती. मुलांशिवाय सामना कुणाशी खेळणार? त्या चारांत तलासरीच्या बाजूचे दोघे आहेत. आणि आठ वर्षांची धाकटी, जिला बुधवारी शेजारी ठेवायचं ठरत होतं, तीही आता त्यात खेळते. २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक नवी मुंबईतही झाला, हे तिला तिच्या सरांनी सांगितलं आहे. ती ते सगळ्या गल्लीला सांगते.

यातून काय झालं? एक हंगाम गेला. नातू अजून पहिल्या अकरांत नाही, बदली खेळाडू म्हणून उतरतो. बुधवारच्या वर्गाला जाणारी दोन मुलं त्याच्या पुढे गेली, हेही सांगायला हवं. पण ती अंधेरीतच राहतात, पायी वर्गाला जातात आणि रात्री नऊला झोपतात. त्यांच्यासाठी तो वर्ग योग्यच आहे. आमच्या मुलाचा डावा पाय आता घाबरत नाही. मार्चमधल्या एका सामन्यात दोघांनी घेरल्यावर तो डावीकडे वळून निघाला आणि डाव्या पायानं चेंडू दिला. क्लबच्या प्रशिक्षकांनी सामना संपल्यावर मुलीला सांगितलं, "वहीतलं एक वाक्य खोडा."

आमच्या भागात चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. फळ चिकूचं, पण मूळ इथल्या मातीत रुजणाऱ्या रायणीचं. खुंट सुकलेला असेल तर वरचं कलम कितीही उंची असो, धरत नाही. मुलाची झोप, जेवण, शाळा, भावंडं आणि खेळायची हौस हा तो खुंट. जादा शिकवणी हे कलम. बांधावं जरूर, पण आधी खुंट पाहून.

म्हणून तुम्हाला निवड करायची असेल तर थोडंच लक्षात ठेवा. मुलाचं नेमकं काय कमी पडतंय ते त्याच्या संघाच्या प्रशिक्षकांकडून लिहून घ्या. वर्ग एकदा बसून पाहा आणि आपल्या मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला ते मोजा. शिकवणाऱ्याचा परवाना विचारा. दोन्ही बाजूंचे प्रवासाचे तास फीमध्ये धरा. आणि महिनाभरानं एक गोष्ट बघा, ती कुठल्याच पावतीवर नसते. सर 'संपलं' म्हणाले की तुमचं मूल चेंडू उचलून पिशवीत टाकतं, की आणखी दोनदा भिंतीवर मारून बघतं? मारून बघत असेल, तर वर्ग बरोबर निवडला आहे.